स्कॅफॉइड जुळलं नाही आणि मनगट झिजलं: ऑपरेशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजात असताना पडलो होतो, तेव्हा ‘मुरगळलंय’ म्हणाले. आता चाळिशीत मनगटाचा संधिवात कसा काय निघाला?

बहुतेकांची गोष्ट अशीच असते. कबड्डीत, गाडीवरून किंवा जिन्यावरून पडताना माणूस तळहात टेकतो आणि अंगठ्याच्या बाजूचं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडतं. मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत असतात. स्कॅफॉइड या दोन्ही ओळींना धरून ठेवतं, त्यामुळे पडताना सगळा भार त्याच्यावर येतो. हात वाकडा दिसत नाही, सूज बेताची असते आणि सुरुवातीच्या एक्स-रेत कित्येकदा चीरही दिसत नाही. मग क्रेप बँडेज, चार गोळ्या, किंवा गावाकडे हाडवैद्याचा लेप. महिन्याभरात दुखणं कमी होतं आणि विषय संपतो.

हाड मात्र जुळलेलं नसतं. स्कॅफॉइडचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत अस्तराने झाकलेला असतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडीच. मुख्य रक्तपुरवठा बोटांकडच्या बाजूने आत शिरतो आणि उलटा कोपराच्या दिशेने येतो. हाड मध्येच मोडलं की कोपराकडच्या तुकड्याचं रक्त तुटतं. म्हणून हे हाड जुळायला वेळ घेतं, आणि प्लास्टर न घालता वापरात राहिलं तर कधीकधी जुळतच नाही. न जुळलेले दोन तुकडे वेगवेगळे हलतात, मनगटाची ठेवण बिघडते आणि कूर्चा घासत जाते. याला वर्षं लागतात. तोवर पडल्याचं कित्येकांच्या लक्षातही नसतं.

रिपोर्टवर ‘स्नॅक रिस्ट, स्टेज टू’ लिहिलंय. म्हणजे नेमकं काय?

स्कॅफॉइड न जुळल्यामुळे मनगट ठरावीक क्रमाने खचत जातं, त्या प्रकाराला ‘स्नॅक’ म्हणतात. पहिल्या टप्प्यात रेडियस या कोपर ते मनगट जाणाऱ्या हाडाचं अंगठ्याकडचं टोक आणि स्कॅफॉइडचा बोटांकडचा तुकडा एकमेकांवर घासतात. दुसऱ्या टप्प्यात झीज स्कॅफॉइड आणि कॅपिटेट यांच्यामध्ये पोचते. कॅपिटेट हे मनगटाच्या मधोमध असलेलं सगळ्यात मोठं हाड. तिसऱ्या टप्प्यात कॅपिटेट आणि लुनेट (पहिल्या, म्हणजे कोपराकडच्या ओळीतलं स्कॅफॉइडच्या शेजारचं हाड) यांच्यातला सांधाही जातो.

एक सांधा मात्र या सगळ्यातून बहुधा वाचतो, तो म्हणजे रेडियस आणि लुनेट यांच्यामधला. लुनेट कललं तरी त्याचा गोल पृष्ठभाग रेडियसच्या गोल खोबणीत नीट बसतो, खलात बत्ता कसाही तिरका धरला तरी बसावा तसा. स्कॅफॉइडची खोबण लांबट असल्याने तिथे हाड जरा फिरलं की सगळा भार कडेवर येतो. पुढे सांगितलेली मुख्य ऑपरेशनं या वाचलेल्या जागेच्या भरवशावर उभी आहेत, त्यामुळे ही गोष्ट लक्षात ठेवा.

मग आता ते हाड जोडूनच का टाकत नाहीत? माझ्या मित्राचं स्क्रू घालून जोडलं होतं.

तुमच्या मित्राच्या मनगटात झीज सुरू झाली नसणार. कूर्चा शाबूत असेल तर न जुळलेलं स्कॅफॉइडही हाडाचं कलम, म्हणजे दुसरीकडून घेतलेला हाडाचा तुकडा, आणि स्क्रू वापरून जोडता येतं. तुकड्याचं रक्त गेलं असेल तर रक्तवाहिनीसकट कलम लावतात. तरुण माणसात हा प्रयत्न करायलाच हवा.

पहिल्या टप्प्यातही हे जमू शकतं. रेडियसचं घासणारं टोक थोडं तासून काढायचं आणि सोबत स्कॅफॉइड जोडायचं. टोक किती काढायचं याला मर्यादा आहे, कारण मनगट जागेवर ठेवणारे महत्त्वाचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे पट्टे, तिथूनच निघतात. त्यापुढे गेलेल्या मनगटात स्कॅफॉइड जोडलं तरी गेलेली कूर्चा परत येत नाही. एक्स-रे छान दिसेल, दुखणं तसंच राहील.

एक्स-रे इतका खराब आहे, तर ऑपरेशन लगेच करायला हवं का?

नाही. एक्स-रे भयंकर आणि पेशंट मजेत, असं आम्ही नेहमी पाहतो. कधीतरी मनगटाच्या मागच्या बाजूला सूज येते, थंडीत आखडतं, पण शेतातली किंवा ऑफिसातली कामं चालू असतात. अशा माणसाला टेबलावर घेण्यात अर्थ नसतो. ही झीज वर्षानुवर्षांची आहे, दोन महिने थांबल्याने सहसा काही हातचं जात नाही.

थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. वर्षा-दोन वर्षांनी तपासणी करावी, कारण दुसऱ्या टप्प्यात हाताशी असलेला एखादा पर्याय तिसऱ्यात राहत नाही. ऑपरेशनची वेळ ठरवतो तुमचा त्रास: रात्री कळ लागून झोपमोड होणं, हातातून तांब्या निसटणं, पट्टा आणि गोळ्या असूनही काम सोडावं लागणं.

तेल, शेक, पट्टा, इंजेक्शन यांनी काही होतं का?

शेकाने आणि हलक्या हाताने तेल लावल्याने बरं वाटतं. खुशाल करा. मनगट जोराने ओढून ‘बसवून’ मात्र घेऊ नका. काम करताना पट्टा वापरला तर खरोखर फरक पडतो. सांध्यातल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे, कधी काही महिने आराम मिळतो. लग्नकार्य किंवा सुगी निभावून न्यायला ते चांगलं. पण ऑपरेशनची तारीख जवळ असेल तर इंजेक्शन घेऊ नये, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. रोजच्या रोज वेदनाशामक गोळ्या खाणं मूत्रपिंडाला आणि पोटाला महागात पडतं, विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांना. कूर्चा नव्याने उगवते असं सांगून विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि इंजेक्शनांवर या आजारासाठी पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांनी दोन ऑपरेशनं सुचवली: एकात तीन हाडं काढतात, दुसऱ्यात चार हाडं जोडतात. हाडं काढल्यावर मनगट उरेल कसं?

प्रश्न रास्त आहे, ऐकायला ते विचित्रच वाटतं.

पहिलं ऑपरेशन म्हणजे प्रॉक्सिमल रो कार्पेक्टॉमी, थोडक्यात पीआरसी. १९४० च्या दशकापासून ते माहीत आहे. मनगटाच्या पहिल्या ओळीतली तीन हाडं, म्हणजे स्कॅफॉइड, लुनेट आणि ट्रायक्वेट्रम, काढून टाकतात. मग दुसऱ्या ओळीतलं कॅपिटेट खाली सरकून त्याचं गोल डोकं लुनेटच्या रिकाम्या खोबणीत बसतं. आठ हाडांचं गुंतागुंतीचं मनगट एका साध्या सांध्यावर येतं. कुठलंही हाड जुळायची वाट पाहायची नसते, प्लेट-स्क्रू लागत नाहीत आणि प्लास्टर लवकर निघतं. अट एकच: कॅपिटेटच्या डोक्यावरची कूर्चा चांगली हवी. तिसऱ्या टप्प्यात नेमकी तीच गेलेली असते.

दुसरं ऑपरेशन फोर कॉर्नर फ्यूजन. यात फक्त स्कॅफॉइड काढतात आणि कॅपिटेट, लुनेट, हॅमेट, ट्रायक्वेट्रम ही चार हाडं एकमेकांना जोडून त्यांचा एकसंध गठ्ठा करतात. हालचाल उरते ती रेडियस आणि लुनेटमधली, म्हणजे त्या वाचलेल्या सांध्यातली. कॅपिटेट-लुनेटचा झिजलेला सांधा जोडूनच टाकल्यामुळे हे ऑपरेशन तिसऱ्या टप्प्यातही चालतं. हाडं तारांनी, स्टेपलने, स्क्रूंनी किंवा गोल प्लेटने धरून ठेवतात, आणि काढलेल्या स्कॅफॉइडचाच चुरा कलम म्हणून फटीत भरता येतो. जोडण्याआधी कललेलं लुनेट सरळ करावं लागतं. ते राहून गेलं तर नंतर मनगट मागे वळताना कायम अडतं. काही सर्जन चारऐवजी फक्त कॅपिटेट आणि लुनेट जोडतात. तेही योग्य पेशंटमध्ये चांगलं चालतं.

दोन्हींपैकी चांगलं कोणतं?

दुखणं कमी करण्यात दोन्ही जवळपास सारखीच. हालचाल निरोगी मनगटाच्या साधारण निम्मी ते साठ टक्के उरते, पीआरसीनंतर थोडी जास्त. पकड दुसऱ्या हाताच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत येते आणि तिला यायला वर्षही लागतं.

फरक इतर बाबतीत आहे. पीआरसीमध्ये ‘हाड जुळलंच नाही’ हा प्रकार संभवत नाही. मात्र कॅपिटेटचं डोकं आणि खोबण यांचा गोलवा तंतोतंत जुळत नसल्याने काही वर्षांनी तिथे झीज दिसू लागते. ती दिसली म्हणजे दुखेलच असं नाही. तरीही पस्तिशीच्या आतल्या, हातोडा-पहार चालवणाऱ्या माणसाला बरेच सर्जन फोर कॉर्नर सुचवतात, आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाला पीआरसी. जो भरपूर तंबाखू खातो आणि सोडणार नाही हे दिसतंय, त्याच्या बाबतीत मी हाडं जोडण्याच्या वाटेला जाणं टाळतो.

शेवटचा निर्णय कधीकधी टेबलावरच होतो. सांधा उघडल्यावर कॅपिटेटची कूर्चा डोळ्यांनी दिसते आणि स्कॅनवर बरी वाटलेली जागा खरवडलेली निघू शकते. म्हणून संमतीपत्रावर दोन्ही ऑपरेशनांची नावं असली तर घाबरू नका.

‘फक्त नस कापून दुखणं थांबतं’ असं ऐकलं. खरं आहे का?

बऱ्याच अंशी. मनगटातून दुखण्याचा निरोप नेणाऱ्या दोन बारीक नसांचे शेवटचे फाटे पाठीमागच्या एकाच छोट्या छेदातून कापता येतात. त्याने बोटांची ताकद किंवा त्वचेची जाणीव जात नाही. आधी त्या जागी बधिरतेचं इंजेक्शन देऊन पाहतात. काही तास दुखणं ओसरलं तर ऑपरेशनचा उपयोग होण्याची शक्यता चांगली.

प्लास्टर नाही, बहुतेकदा त्याच दिवशी घरी, आणि हालचाल होती तेवढी राहते. झीज थांबत नाही, आणि काहींचं दुखणं काही वर्षांत परतही येतं. पण पुढच्या ऑपरेशनची वाट बंद होत नाही. ज्याची हालचाल अजून चांगली आहे आणि ज्याला दोन महिने घरी बसणं परवडणारं नाही, त्याने या पर्यायाबद्दल आवर्जून विचारावं. आपल्याकडे तो हवा तितका सांगितला जात नाही.

मनगट कायमचं ‘जाम’ करण्याचं ऑपरेशन कधी लागतं?

वाचलेला सांधाही गेला असेल, आधीचं ऑपरेशन फसलं असेल किंवा काम अत्यंत जड असेल तेव्हा. रेडियसपासून मधल्या बोटाच्या तळहातातल्या हाडापर्यंत प्लेट लावून मनगट किंचित मागे कललेल्या स्थितीत, साधारण १० ते १५ अंशांवर, पक्कं करतात. मागे कललेलं का, तर पकड त्या स्थितीत जास्त घट्ट बसते. बोटं पूर्वीसारखी चालतात आणि हात पालथा-उताणाही होतो, कारण ती हालचाल मनगटाच्या या सांध्यात होत नाही. हाडं एकदा जुळली की दुखणं जाण्याची खात्री सगळ्यांत जास्त याच ऑपरेशनात.

नाव ऐकूनच लोक नकार देतात, ते समजण्यासारखं आहे. निर्णयाआधी काही दिवस मनगट अजिबात हलणार नाही असा कडक पट्टा किंवा प्लास्टर घालून जगून पाहा. जेवण, अंघोळ, कपडे, गाडी, सगळं करून बघा.

कृत्रिम मनगट बसवता येत नाही का? गुडघ्याचं तर सर्रास करतात.

बसवता येतं, पण मनगटाचा कृत्रिम सांधा गुडघ्याइतका टिकाऊ ठरलेला नाही. तो सैल होण्याचं प्रमाण जास्त आहे आणि जड वजन उचलण्यावर जन्मभर बंधन येतं. वयस्क, हलकं काम करणाऱ्या माणसासाठी त्याचा विचार होऊ शकतो. शेतकरी, गवंडी, मेकॅनिक यांनी त्या नादी लागू नये. सैल झालेला सांधा काढून मनगट जाम करणं हे पहिल्यापासून जाम करण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

रोजच्या कामांत काय काय अडेल?

परदेशी माहितीपत्रकांत गोल्फ आणि टेनिसबद्दल लिहिलेलं असतं, आपले प्रश्न निराळे आहेत.

जमिनीवरून उठताना तळहात टेकून रेटा देणं पीआरसी किंवा फोर कॉर्नरनंतरही जड जातं, कारण त्यासाठी मनगट जवळजवळ काटकोनात मागे वळावं लागतं. मूठ टेकून उठायची सवय लावा. सूर्यनमस्कार आणि दंड यांनाही तोच उपाय. नमस्कार करताना तळवे पूर्ण चिकटवायचे तर कोपर खाली घ्यावे लागतील. देवाला चालतं.

भाकरी थापणं बहुतेकींना जमतं, कारण त्यात बोटं आणि खांदा जास्त काम करतात. कणीक तिंबताना तळहाताच्या मुळाने दाब द्यायचा असतो, तिथे त्रास होतो. मोटरसायकलचा अॅक्सिलरेटर पिळायला मनगटाची हालचाल लागते, म्हणून उजवं मनगट जाम केलेल्यांना लांबचा प्रवास कंटाळवाणा होतो. क्लच दाबायला पकड पुरते. हाताने जेवताना, मनगट जाम असलं तरी, कोपर थोडा वर उचलला की घास तोंडापर्यंत पोचतो.

एक प्रश्न लोक लाजून विचारत नाहीत, तो मीच विचारतो. शौचाला जाऊन आल्यावर धुण्यासाठी वाकलेलं मनगट लागतं. डावं मनगट पूर्ण जाम होणार असेल तर जेट स्प्रेची सोय आधी करून घ्या, किंवा उजव्या हाताची सवय करून बघा. दोन्ही मनगटं खराब असतील तर दोन्ही जाम करणं आम्ही शक्यतो टाळतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

पूर्ण भूल देतात का? दवाखान्यात किती दिवस?

बहुतेकदा मानेजवळ किंवा काखेत इंजेक्शन देऊन तेवढा हातच बधिर करतात. हवं असेल तर सोबत झोपेचं औषध. मुक्काम एखाद्या रात्रीचा. हात दिवसभर बधिर राहू शकतो, त्या वेळात त्याला चटका लागणार नाही हे घरच्यांनी पाहावं.

प्लास्टर किती दिवस, आणि कामावर कधी?

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. पीआरसीनंतर प्लास्टर किंवा पट्टा तीन-चार आठवडे. फोर कॉर्नर आणि पूर्ण फ्यूजननंतर (म्हणजे मनगट जाम केल्यावर) सहा ते आठ, आणि हाड जुळल्याची खात्री झाल्याशिवाय वजन नाही. शंका असेल तर सीटी स्कॅन करतात. लिहिणं-टायपिंग यापेक्षा बरंच आधी सुरू होतं. ड्रायव्हर, सुतार, शेतमजूर यांनी तीन ते सहा महिने धरून चालावं, आणि मालकाशी आधीच बोलून ठेवावं.

बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची. पूर्ण मूठ, पूर्ण उघड, दर तासाला. हात उशीवर उंच ठेवायचा, लोंबकळत ठेवायचा नाही. मनगट उत्तम जुळलं आणि बोटं कायमची आखडली, असा निकाल केवळ भीतीपोटी हात न हलवल्याने लागतो. फिजिओथेरपी प्लास्टर निघाल्यावर सुरू होते, असं समजून बसू नका.

तंबाखूचं एवढं काय? मी सिगारेट ओढत नाही, फक्त मशेरी लावते.

मशेरीत निकोटीन असतंच. ते रक्तवाहिन्या आकसवतं आणि हाड जुळण्यात अडथळा आणतं. गुटखा, विडी, चुना-तंबाखू, सगळ्याला हेच लागू. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणल्याशिवाय तारीख घेऊ नका.

काय बिघडू शकतं?

जंतुसंसर्ग, अंगठ्यामागे बधिर पट्टा, अपेक्षेपेक्षा जास्त आखडणं. फ्यूजनमध्ये हाड न जुळणं आणि प्लेट किंवा स्क्रू मागच्या बाजूला टोचणं. काहींचा हात अवाजवी सुजतो, लालसर-चकचकीत होतो आणि जराशा स्पर्शानेही दुखतो. हा नसांचा वेगळा त्रास आहे, तो लवकर ओळखला तर आटोक्यात येतो. थोड्या लोकांना पुढे कधीतरी मनगट जाम करावं लागतं.

प्लास्टरच्या आत दुखणं वाढतच चाललंय, बोटं निळसर किंवा बधिर झालीत, गोळीने काही होत नाही, असं असेल तर सकाळची वाट पाहू नका. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा.

खर्च?

शहर आणि रुग्णालयाप्रमाणे इतका बदलतो की आकडा देणं फसवं ठरेल. एवढं सांगता येईल की पीआरसीला इम्प्लांट लागत नसल्याने ते स्वस्त पडतं, आणि फोर कॉर्नर तारांवर केलं तर प्लेटपेक्षा बराच कमी खर्च येतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. तुमचं ऑपरेशन नेमक्या कोणत्या नावाने योजनेत बसतं, की बसत नाही, हे भरती होण्याआधी त्यांच्याकडून तपासून घ्या.

सर्जनला काय विचारू?

माझा रेडियस-लुनेट सांधा आणि कॅपिटेटचं डोकं कसं आहे, हे आधी विचारा. या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय ठरतो. हाताची ऑपरेशनं ते नियमित करतात का, तेही विचारायला संकोच नको. आणि तुमचं काम नीट सांगा. ‘नोकरी करतो’ एवढं पुरत नाही. दिवसभर स्पॅनर फिरवता की फाइली चाळता, दूध काढता की गाडी चालवता, हे कळलं की सल्ला बदलतो.

आत घातलेले स्क्रू-प्लेट नंतर काढावे लागतात का?

त्वचेबाहेर टोक ठेवलेल्या तारा काही आठवड्यांनी ओपीडीतच काढतात. स्क्रू आणि प्लेट टोचत नसतील तर तशाच राहू देतात. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर आत धातू आहे हे आधी सांगा आणि ऑपरेशनचा कागद सोबत न्या.